माईंची झोप

"पडून मांडीचं हाड मोडलेली म्हातारी आहे," डॉक्टर फोनवर म्हणाले. "पण बाई, मला ही नुसती पडझड वाटत नाही. येऊन जाता का?"

फौजदारबाईंनी नुकतेच बूट काढून पाय स्टुलावर टाकले होते. सुजलेली पावलं परत बुटात कोंबताना त्यांच्या तोंडून नकळत उसासा निघाला. जेवणाचा डबा तसाच राहिला.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर माई पडल्या होत्या. चेहरा कोरा. पापणी लवत नव्हती, ओठाच्या कडेनं लाळ ओघळत होती. तरुण डॉक्टरांनी त्यांचा हात उचलून कोपरात वाकवला. गंजलेल्या बिजागरीसारखा तो अडकत अडकत वाकला.

"यांना विसरण्याचा आजार आहे. रात्री झोपेची एक गोळी चालू आहे, ती रीतसर लिहून दिलेली. घरचे म्हणतात, सांभाळणाऱ्या बाईनं तीच जास्त दिली."

"मग?"

"झोपेची गोळी जास्त झाली की माणूस ढिला पडतो. या ताठ झाल्यात. रक्त तपासायला पाठवलंय, पण उत्तर यायला वेळ लागेल."

तेवढ्यात माईंची नजर हलली.

"तो आला का ग?" त्यांनी नर्सला विचारलं. जीभ जड होती.

"आलेत ना, हे काय बाहेरच बसलेत," म्हणत नर्सनं त्यांच्या यजमानांना आत बोलावलं. अप्पा वाकून खाटेशी उभे राहिले. माईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांची नजर अप्पांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि दारावरच खिळून राहिली.

बाहेर बाकावर लेक बसली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, नोकरी सांभाळून दर रविवारी येणारी. डोळे रडून लाल झाले होते.

"लिहून घ्या मॅडम. मावशीनंच केलंय हे. आई झोपली की ही टीव्ही लावून मोकळी!"

माईंना सांभाळणाऱ्या मावशी बाकाच्या पार टोकाला, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मान खाली. मधल्या जागेत येऊन बसलेले अप्पा चष्मा पुसत होते. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले.

फौजदारबाईंनी लेकीला बाजूला घेतलं.

"औषधं कोण आणतं?"

"मीच. रविवारी येताना, आठवडाभराची. आईची आणि अप्पांची."

"गोळ्या कमी-जास्त होतात?"

"आईच्या नाही. अप्पांच्याच लवकर संपतात. पाकीट कुठेतरी ठेवतात आणि विसरतात."

"मावशी कधी सुट्टीवर गेल्या होत्या?"

"मागे गेली होती की भावाकडे. आठवडाभर. अप्पांनी एकट्यांनी केलं सगळं. संध्याकाळी फोन केला की म्हणायचे, आई गाढ झोपलीय. तेव्हा काही पडली-बिडली नाही!"

फौजदारबाईंनी मान हलवली. हे बोलणं त्यांना कुठेतरी खटकलं, पण भुकेल्या डोक्यात ते नीट बसेना.

मग त्या मावशींना घेऊन कॅन्टीनमध्ये गेल्या. दोन चहा सांगितले.

"रात्रीची गोळी तुम्ही देता?"

"एक. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. पाकीट बघा, मोजा."

"माई अशा ताठ कधीपासून झाल्या?"

"हळूहळू झालं बाई. आधी पाय घासत चालायला लागल्या. मग घास तोंडातच धरून बसायच्या. मी अप्पांना म्हटलं, डॉक्टरला दाखवू. ते एकटेच जाऊन आले आणि म्हणाले, वयाचं आहे."

"खायला कोण घालतं?"

"सकाळ-दुपार मी. संध्याकाळी अप्पा केळं कुस्करून भरवतात. मला म्हणतात, तू जरा पाय मोकळे करून ये." मावशींनी कप खाली ठेवला. "चांगले आहेत हो अप्पा. मला कधी वावगं बोलले नाहीत. आजच का काही बोलत नाहीत?"

फौजदारबाई अप्पांना घेऊन त्यांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, लख्ख पुसलेल्या. भिंतीवर हार घातलेला एका तरुणाचा फोटो.

"मुलगा," अप्पा म्हणाले. "मोटारसायकलवरून पडला. झाली काही वर्षं."

खुर्चीतून उठताना त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली आणि डोळे मिटले.

"काय झालं?"

"चक्कर. कानाचं जुनं दुखणं आहे. उठलं की घर फिरतं."

"औषध?"

"घेतो की. सकाळ-संध्याकाळ, न चुकता."

फडताळात अप्पांच्या गोळ्यांचं पाकीट होतं. आजचा वार बुधवार, आणि त्यात एकच गोळी उरली होती. फौजदारबाईंनी नाव वाचलं आणि डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते. त्या फक्त "हं" म्हणत होत्या.

संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. लेक, अप्पा आणि दाराशी मावशी.

"तक्रार मावशींवर आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "पण मावशी आठवडाभर नव्हत्या तेव्हाही माई संध्याकाळीच गाढ झोपत होत्या. म्हणजे झोपवणारा माणूस घरातच होता. अप्पांच्या गोळ्या लवकर संपतात, तरी अप्पांची चक्कर जात नाही. कारण त्या अप्पांच्या पोटात जातच नाहीत."

लेक वळून वडिलांकडे बघायला लागली.

"चक्करीची गोळी?" ती म्हणाली. "त्यानं काय होतंय?"

"चक्कर आणि मळमळ थांबवायला ती देतात," डॉक्टर म्हणाले. "तेच औषध मोठ्या मात्रेत मनोरुग्णांना शांत करायलाही वापरतात. लिहून दिलेल्या माणसाला, सांगितलं तेवढं, तर ठीक. पण विसरण्याचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. अंग ताठतं, गिळता येत नाही, उठल्यावर रक्तदाब उतरतो. वर रात्री झोपेची गोळी. दोन्ही मिळून गुंगी आणखी वाढली. त्या पडल्या नसत्या तर एक दिवस झोपेतून उठल्याच नसत्या."

"अप्पा, संध्याकाळचं केळं," फौजदारबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माई कोणाची वाट बघतात?"

अप्पांनी चष्मा काढला.

"रोज दिवे लागले की विचारायची, तो आला का? पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं. ती रडली, अगदी त्या दिवशी रडली होती तशी. दुसऱ्या दिवशी विसरली आणि परत विचारलं. मी परत सांगितलं." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "रोज संध्याकाळी आमचा मुलगा नव्यानं मरायचा हो. एकदा तिला मळमळत होतं म्हणून माझी गोळी दिली. ती झोपली. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही दिली. पुढे एकीनं भागेना. उलटीचीच तर गोळी, विष थोडंच आहे, असं वाटलं."

"मला का नाही सांगितलंत?" लेक ओरडली.

"तू फोनवर विचारायचीस, सगळं ठीक आहे ना? मी ठीक म्हणायचो."

लेकीनं तोंडावर पदर दाबला.

"मायेपोटी दिलीत, हे मी लिहीन," फौजदारबाई म्हणाल्या. "पण ही पोरगी मावशींवर आळ घेत होती तेव्हा तुम्ही मधेच बसला होतात. तेही मला लिहावं लागेल."

"भीती वाटली. तिच्याजवळ जाऊ देणार नाहीत मला."

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं, की औषध उतरेल तसा ताठरपणा बहुतेक कमी होईल, मग हाडाचं ऑपरेशन करता येईल. माईंनी विचारलं तर दर वेळी मरणाची बातमी देऊ नका. त्याच्याबद्दल बोला, त्याच्या आठवणी काढा. आणि त्यांना शांत करायची कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय नको.

"संध्याकाळी मी येत जाईन," लेक म्हणाली. मग ती मावशींकडे वळली, आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली; मावशी दाराशीच उभ्या राहिल्या.

जबाबावर सही करून अप्पा भिंतीच्या आधारानं दाराशी आले. त्यांनी मावशींपुढे हात जोडले.

"इथे दवाखान्यात माईंची सेवा मी करीन," मावशी म्हणाल्या. "तुमच्या घरात परत येईन की नाही, ते आज विचारू नका. आज मी फार दमलेय."

त्यांना घरी सोडायला फौजदारबाईंनी जीपमध्ये बसवलं. पत्ता सांगता सांगताच मावशींची मान कलली. पिशवी मांडीवरून घसरली, ती फौजदारबाईंनी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"उठवू का?" त्यांची गल्ली आल्यावर ड्रायव्हरनं विचारलं.

"नको," फौजदारबाई म्हणाल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. "अजून एक चक्कर मार. सावकाश."