पुठ्ठ्याचा काटा

आमच्या घरात दोन घड्याळं होती. भिंतीवरचं वेळ दाखवायचं. दुसरं लेकीच्या खोलीच्या दारावर, मी पुठ्ठा कापून केलेलं. ते फक्त तिची मर्जी दाखवायचं. झोपायला जाताना ती पुठ्ठ्याचा काटा हव्या त्या आकड्यावर फिरवायची आणि त्या वेळी तिला उठवणं हे माझं काम.

मी वह्या-पुस्तकं बांधते. हे मला कोणी शिकवलं नाही. एक जुनं रजिस्टर उसवलं, परत शिवलं, पुन्हा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, खळीचं भांडं, दाभण. आतली खोली लेकीची.

तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि झोपेला ना आगा ना पिछा. दुपारी चारला गाढ, पहाटे तीनला टक्क जागी.

"घुबडा, झोप की आता," मी म्हणायचे.

"घुबडाला निदान दिवस-रात्र कळते, आई. माझा अपमान कर, त्याचा नको."

उठवणं म्हणजे मात्र दिव्य. पहिल्या हाकेला उत्तर ठरलेलं: "पाच मिनिटं गं." दुसऱ्या हाकेला तेच. चौथ्या हाकेनंतर पांघरूण ओढायचं. बावीस वर्षांत यात खंड पडला नव्हता.

तिचं काम झाडांच्या वयाचं. खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, पट्टीवर चिकटवायची, घासून गुळगुळीत करायची आणि भिंगाखाली वलयं मोजायची. वर्षाला एक वलय. अशा चाळीस कांड्या. नियम असा, की प्रत्येक कांडी दोघांनी मोजायची, एकमेकांचा आकडा न बघता. रजिस्टरच्या डाव्या पानावर पहिलीचे आकडे, उजव्या पानावर दुसरीचे, शेवटी दोघींच्या सह्या. तिच्याबरोबर मोजणारी मैत्रीण नोकरी लागली म्हणून निघून गेली. उजवी पानं कोरी, आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत रजिस्टर जमा झालं नाही तर वर्ष पाण्यात.

"सर म्हणाले, घरातलं कोणीही चालेल, मोजता आलं की झालं," ती म्हणाली. "तू मोज ना. दिवसभर टाके मोजतेस की."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कॉलेजच्या रजिस्टरात माझी सही! मी भिंगाला डोळा लावला. साठपर्यंत ठीक गेलं, मग रेघा मुंग्यांसारख्या चालायला लागल्या. एकच कांडी तीनदा मोजली, तीन वेगळे आकडे आले. लेकीला मी हे बोलले नाही. "उद्यापासून बसते," एवढंच म्हणाले.

त्या रात्री तिनं काटा तीनवर लावला आणि अंथरुणावर कोसळली. तोंड राखेसारखं झालं होतं. मला बघवेना. मी हळूच काटा पाचवर सरकवला.

बरोबर तीनला मी बाहेर पुठ्ठ्याला खळ लावत होते. आतून आवाज आला.

"उठले गं."

मी हाक मारलीच नव्हती. दिव्याचं बटण वाजलं, स्टूल सरकलं. म्हटलं, वा, आज न ओढता उठली पोर! पाचला आत गेले तर दिवा बंद आणि लेक घोरतेय. चार हाका, पांघरूण ओढणं, सगळं यथासांग झालं. दिव्याच्या टोपीला हात लागला. टोपी गरम होती.

"आई!" ती ओरडली. रजिस्टर उघडं होतं. उजव्या पानावर पाच कांड्यांचे आकडे, शेजारी वेळा: ३.१०, ३.३५, असे. "तू रात्री बसलीस? थांब, जुळवते."

चार जुळले. पाचव्या कांडीत एकाचा फरक होता. तिचा आकडा एकशे त्रेचाळीस, उजवीकडे एकशे चव्वेचाळीस. तिनं श्वास रोखून परत मोजलं.

"चव्वेचाळीसच आहेत! माझं एक वलय सुटलं होतं. आई, तू माझी चूक पकडलीस!"

तिनं मला गरगर फिरवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चार पुस्तकं न शिकलेल्या बाईला लेक अशी मिठी मारते तेव्हा जीभ उचलत नाही. झोपेत तीच मोजत असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि हिशेब मांडला: दोन तास चोरले, पाच कांड्या झाल्या. दुसऱ्या रात्री तीन तास चोरले. आठ झाल्या! लेकीच्या गालावर रंग आला. मला सोमवारची घाई झाली होती, जत्रेला निघाल्यासारखी.

तिसऱ्या रात्री काटा तीनवर लावून ती पाणी प्यायला बाहेर आली आणि माझ्या टेबलाजवळच्या बाकावर आडवी झाली, ती तिथंच झोपली. मी तिच्यावर चादर टाकली. काट्याला हात न लावता बसून राहिले.

तीन वाजले.

"उठले गं," आतून आलं.

दाराखालून उजेडाची पट्टी सरकली. मी बाकाकडे पाहिलं. लेकीचं तोंड उघडं होतं, एक हात खाली लोंबत होता.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला. झोपही मिळतेय, कामही होतंय. अजून काय हवं? मी दार उघडलं नाही. कोणाचंही काम चालू असताना मध्ये जाऊ नये, हे मला माझ्या कामानं शिकवलंय.

रविवारी रात्री बारा कांड्या उरल्या. लेकीनं काटा तीनवर लावला. "शेवटची रात्र, आई! नक्की उठव हं," म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन झोपली.

मी काटाच काढला आणि खिशात टाकला.

रात्रभर आत स्टूल सरकत होतं. साडेसहाला मी दारावर टकटक केली.

"अगं..."

"उठले गं."

दार उघडलं. वेणी घातलेली, कपडे बदललेले, काखेत रजिस्टर. मी शिवलेलं निळं कापडी वेष्टणही त्यावर चढवलेलं.

"झाल्या चाळीस?"

"झाल्या की!" ती हसली. मला मिठी मारली. अंगाला ताज्या घासलेल्या लाकडाचा वास होता.

"चहा तरी घे."

"बस चुकेल, आई."

मी गॅलरीतून हात हलवला. तीही वळून हलवत राहिली, बस येईपर्यंत. मी इतकी खुश होते की खळ ढवळता ढवळता गुणगुणत होते.

अकराला हातातलं भांडं निसटलं. सही! माझी सही राहिली होती. एका सहीसाठी पोरीचं वर्ष जाणार! फोन लावला, नुसता वाजत राहिला. सरांचा नंबर तिच्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवलेला होता. मी आत धावले.

पडदे ओढलेले होते. पलंगावर पांघरूण, पांघरुणाबाहेर विस्कटलेली वेणी.

सकाळी गेली ती पहिल्या हाकेला उठली होती. हे मला आत्ता आठवलं.

"अगं," मी म्हणाले.

"पाच मिनिटं गं."

"अगं ऊठ."

"पाच मिनिटं गं, आई."

मी पांघरुणाकडे हात नेला. तेवढ्यात दुसऱ्या हातातला फोन वाजला. लेकीचाच.

"आई! जमा झालं! सर म्हणाले, इतकं नेटकं रजिस्टर कित्येक वर्षांत पाहिलं नाही! दोन्ही सह्या बघितल्या आणि पास म्हणाले!"

"सही... मी कुठे केली?"

"झालं म्हटलं ना." ती खळखळून हसली. बसचा भोंगा ऐकू आला. "निघालेच मी. चहा टाक आता."

पांघरुणातलं अंग कूस बदलून भिंतीकडे वळलं. पलंग करकरला.

फोनवर मग अगदी हळू आवाजात, शेजारी कोणी झोपलेलं असावं तशी, ती म्हणाली,

"आणि आई, तिला एवढ्यात उठवू नकोस हं."