आतून पहिली, बाहेरून आठवी

"रागात रंधा धरू नकोस, पोरी. रागाचा रंधा लाकूड खातो."

बाबांचं हे बोलणं लहानपणी कानात शिरलं, ते निघालंच नाही. बाबा गेले, आवाज राहिला. त्या जुन्या घराच्या दर्शनी भिंतीपुढे पहिल्या दिवशी उभी होते, तेव्हाही तो आला — आणि वरून ओल्या चुन्याचा एक गोळा थेट माझ्या खांद्यावर.

"सरका की जरा," परांचीवरून कुणीतरी म्हणालं.

"आधी टाकायचं, मग सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही वर बघितलं असतं. मग डोळ्यात गेला असता."

अशी आमची ओळख. तो चुनेवाला, मी सुतारीण. भिंत त्याची, भिंतीतल्या आठ खिडक्या माझ्या. शंभर वर्षांचं लाकूड, पाण्यासारखी लहरती काच... मालकीणबाईंनी बजावलं होतं, "महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत बसल्या तर ठीक. नाहीतर सगळ्या काढून अॅल्युमिनियम." माझं एकटीचं हे पहिलंच काम.

झडपा उतरवताना मी एकेकीवर आणि तिच्या चौकटीवर आकडा घातला. चौकटींवरचे आकडे त्याच्या घासण्यात जाणार, म्हणून त्याला सांगितलं, "डावीकडून एक ते आठ, परत लिहा."

मग महिनाभर भांडलो. त्याचा चुना माझ्या काचेवर, माझा भुसा त्याच्या ओल्या भिंतीवर. मी तडतडले की तो खाली यायचा, ओलं फडकं घेऊन काच पुसायचा — कडेकडेनं, हलक्या हातानं, झोपलेल्या बाळाचं तोंड पुसावं तशी. मला त्याचाही राग यायचा. बाकी कुणाचं काही पुसताना तो असा दिसतो का, याचा तर फारच.

शेवटच्या शुक्रवारी झडपा चढवल्या. पहिली बसेना. दुसरी बसेना. तिसरी बोटभर मोठी.

"तुमची भिंतच वाकडी," मी म्हणाले.

"शंभर वर्षं वाकडीच आहे. झडपही तिच्याबरोबर वाकडी झाली असणार ना?"

मी रंधा उचलून झडपेच्या कडेला टेकवला. त्यानं आपला पांढरा पंजा मधे ठेवला.

"काढा हात."

"आधी बोटं तासा, मग लाकूड."

"मी रागावलेय."

"दिसतंय... म्हणूनच."

मी त्या पंजाकडे पाहिलं, पलीकडच्या चौकटीवरच्या त्याच्या आकड्याकडे पाहिलं, आणि रंधा खाली ठेवला. मी खोल्यांत उभी राहून मोजलं होतं. तो बाहेर, परांचीवर. माझी पहिली ती त्याची आठवी. आणि कुठून बघून मोजायचं, ते मी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "कुणाची चूक?"

मी वाकून झडपेवरचा भुसा झटकू लागले.

"माझी," तो म्हणाला. "आकडे मी उलटे घातले."

"मग आवरा तुमचं. मी दुसरा माणूस बघते."

त्या फाटकाकडे वळल्या. तो कुंचले गोळा करू लागला.

"हा शहाणपणा कुणी सांगितला होता?" मी दातओठ खात विचारलं.

"तुमचं पहिलं काम आहे."

"म्हणून उपकार?"

"भिंती काय... मला दुसऱ्या मिळतील."

"आणि मला?"

"तुम्हाला काय?"

त्याचा राग, माझा राग, माझ्या मुक्या तोंडाचा राग... सगळा एकदम उसळला. मी धावत फाटक गाठलं.

"बाई, थांबा. घोळ माझा आहे. मी आतून मोजलं आणि याला सांगितलं नाही. पहिलीच्या जागी आठवी, दुसरीच्या जागी सातवी, अशा लावल्या की सगळ्या बसतील. याला घालवू नका."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतका चांगला कारागीर आहे?"

"नाही. चुना उडवतो, ओघळ पाडतो, शब्दाला शब्द देतो..." मला धाप लागली होती, राग अजून नाकावरच होता. तो मागे येऊन उभा राहिलाय हे कळत होतं, तरी मी वळले नाही.

"पण मला आवडतो."