सौसरला जुनंच बसवा!

उत्तमची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि तेही एका खोक्यावरून.

एकोणनव्वद सालचा फेब्रुवारी. पांढुर्ण्याहून सौसरला जाणारी बस खचाखच भरलेली. खिडकीशी एक तरुण बसला होता आणि त्याच्या शेजारच्या सीटवर, अगदी ऐटीत, एक भलंमोठं खोकं. मी दांडीला धरून उभी.

"खोकं खाली ठेवा ना," मी म्हटलं.

"नाही जमत मॅडम. त्याचं तिकीट काढलं आहे. धक्का लागला तर बिघडते ते."

"अन् माणसाले धक्का लागला तर?"

त्यानं वर पाहिलं. डोळे हसरे होते... म्हणूनच जास्त राग आला. "माणूस सांभाळून घेते," तो म्हणाला.

"मग तुमीच उभे राहून सांभाळा!"

सगळी बस हसली. तो मुकाट्यानं उठला आणि मी त्या खोक्याशेजारी बसले. सौसर येईपर्यंत त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही— बरं, दोनदा पाहिलं.

सौसरला मी उतरले, तर खोक्यासकट तोही उतरला. मी संत्रा सोसायटीच्या शाखेकडे वळले, तर तोही वळला!

"तुमी... विजयमाला मॅडम?" त्यानं दारात विचारलं. "मी उत्तम. मोहगावचा. नागपूरच्या कंपनीतून आलो, कॉम्प्युटर बसवायले."

खोक्यात आमचाच कॉम्प्युटर होता. सोसायटीचा दुसरा. पहिला पांढुर्ण्याच्या ऑफिसात होता आणि गेली दोन वर्षं तो मी चालवत होते. कोणत्या बागायतदाराची संत्री कोणत्या दिवशी, कोणत्या वॅगनमध्ये चढणार, ती पाळीची यादी त्यावर निघायची. अकराशे नावं. तो प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता, आठ महिने डोकं फोडून. सौसरच्या लोकांना यादीसाठी पांढुर्ण्याला खेपा घालाव्या लागू नयेत, म्हणून हा दुसरा.

प्रश्न एवढाच होता, की त्यावर डॉस कोणतं टाकायचं? कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यात आधी डॉस चालतं, आणि बाकीचे प्रोग्राम त्याच्या जिवावर. पांढुर्ण्यात जुनं होतं. उत्तमनं नवं आणलं होतं.

"सौसरला जुनंच बसवा," मी म्हटलं. "नव्याची फ्लॉपी मी पांढुर्ण्यात लावून पाहिली आहे. ते स्वतःच इतकी मेमरी खाते, की माझ्या प्रोग्रामले जागाच उरत नाही. आठशे नावांच्या पुढं जातच नाही."

आमचे सेक्रेटरी श्रीधरराव माझ्याकडे न बघता उत्तमला म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे, साहेब?"

मी तिथंच उभी होते! सांगत होते मी, आणि श्रीधरराव विचारत होते त्याला!

"नव्यात सोयी जास्त आहेत," उत्तम म्हणाला. "जुनं आता कोण घेते?" त्यानं माझा प्रोग्राम चढवला, दहा नावं टाकली, झरझर यादी निघाली. "पाहा. चालून राहिलं ना?"

"दहा नावांत बारसं होते, हंगाम नाही होत."

तो हसला. "मॅडम, तुमाले राग लवकर येते काय?"

"बिनडोकपणा पाहिला की येते."

श्रीधरराव वैतागले. "अध्यक्ष येतीन सोमवारी. त्यायले काय जुनं दाखवू? लोकं हसतीन. नवं टाका हो साहेब."

आणि टाकलं. परतीच्या बसमध्ये माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आठ महिन्यांच्या माझ्या कामापेक्षा त्याची दहा नावं मोठी!

सोमवारी शाखेच्या अंगणात संत्र्यांचे ढीग, पेट्या, तणस. उन्हात त्या वासानं डोकं भरून जायचं. संध्याकाळच्या आत यादी निघाली नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या वॅगनी कुणी भरायच्या यावर मारामारी ठरलेली, आणि तोडलेला माल काही वाट बघत बसत नाही. अध्यक्षांनी नारळ फोडला. मी सगळी अकराशे नावं चढवली, बटण दाबलं... आणि पडदा गोठला. मेमरी अपुरी. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय झालं वो बाई?" भिवाजी नावाचे म्हातारे बागायतदार दारातून विचारत होते. "माहा नंबर कधी हाय?"

श्रीधररावांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "पोरीच्या हाती मशीन देल्लं की असंच होते! काहीतरी उलटंसुलटं दाबलं इनं."

रडू येत नव्हतं. राग येत होता. यांना मी सांगितलं होतं! याच खोलीत, याच टेबलाशी!

तेवढ्यात उत्तम पुढं आला. हसू कुठंच नव्हतं.

"त्यायनं काही बिघडवलं नाही," तो अध्यक्षांसमोर, मोठ्यानं म्हणाला. "चूक माझी आहे. मॅडमनं मले नीट सांगतलं होतं, मीच ऐकलं नाही. सेक्रेटरी साहेबायनंही ऐकलं नाही. जुनं टाकावं लागते."

मग तो माझ्याकडे वळला. "तुमी सांगा. मी करतो."

जुन्या डॉसच्या फ्लॉप्या मी पर्समध्ये घेऊनच आले होते. मी काढून टेबलावर ठेवल्या, जरा आपटूनच.

नवं पुसलं, जुनं चढवलं. तो एकेक फ्लॉपी घालत होता आणि प्रत्येक वेळी विचारत होता, "ही ना?" घाम त्याच्या कानामागून ओघळत होता. एका फ्लॉपीशी आमची बोटं एकमेकांना लागली... दोघांनीही चटकन मागं घेतली, आणि ती फ्लॉपी खाली पडली.

"धक्का लागला तर बिघडते," मी म्हटलं.

"माणूसही बिघडते," तो हळूच म्हणाला, "आता कळलं."

चार वाजता प्रिंटर खरखरायला लागला. भिवाजींचा नंबर तिसऱ्या वॅगनीत होता.

त्यानंतर तो दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून पांढुर्ण्याला यायचा. कधी प्रिंटरची फीत, कधी नुसतंच "चालून राहिलं ना?" मला ते आवडायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच मोहगावहून त्याचे काका आमच्या घरी स्थळ घेऊन आले. मी ऑफिसात असताना! चहा झाला, पोहे झाले, बाबांनी जवळजवळ होकारही दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तम ऑफिसच्या दारात दिसला, तशी मी खुर्चीवरून उठलेच.

"माझ्या घरात माझ्या लग्नाची बैठक होते, अन् मी इथं संत्रेवाल्यायची नावं टाइप करून राहिली! मले विचारलं होतं का तुमी?"

"काकाच आधी गेले..." तो थांबला. मान हलवली. "नाही. खोटं कायले बोलू? मीच धाडलं त्यायले. तुमाले विचारायची हिंमत नव्हती."

"कायले? मी खाते काय?"

"तुमी नाही म्हटलं असतं तर... नागपूरची बस पकडता आली नसती माह्याच्यानं."

पंखा गरगरत होता. पुढ्यातल्या यादीची पानं फडफडत होती आणि मी ती उगाचच दाबून धरली होती.

"आता विचारतो," तो म्हणाला. सरळ माझ्या डोळ्यांत बघत. "विजयमाला, माझ्यासंगं लग्न कराल?"

"नोकरी सोडणार नाही मी."

"सोडू नका."

"अन् माझा राग अजून गेला नाही."

"असू द्या. मी थांबतो."

"थांबायची गरज नाही," मी म्हटलं. "हो."

तो इतका खुलून हसला, की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

संध्याकाळी घरी गेले. बाबा ओसरीवर वह्या तपासत बसले होते. मला पाहून त्यांनी घसा खाकरला. "विजू, ते मोहगावचं स्थळ... मी त्यायले उद्या हो म्हणून कळवतो आहे."

"तुमी कायले कळवता?" मी चपला काढत म्हटलं. "मी सांगून आले."