दिवेवालीचा आवाज

शनिवारी दुपारी तो कुरियरच्या दुकानात गेला तेव्हा त्याच्या हातात एक पाकीट होतं, फुगलेलं, पण फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं. दुकानदाराने ते तळहातावर तोललं.

"आत काय आहे?"

"स्पंज."

"नुसता स्पंज?"

"माईकवर घालायचा टोप असतो. बोलताना तोंडातली हवा आपटू नये म्हणून."

"वस्तूपेक्षा पाठवणावळ जास्त होईल बघा."

"होऊ दे," तो म्हणाला आणि सुवाच्य अक्षरात पत्ता लिहू लागला. खरं म्हणजे हा स्पंज पाठवायची काही गरजच उरली नव्हती. ही गोष्ट त्या पत्त्यावर राहणाऱ्या बाई सोडून बाकी सगळ्यांना माहीत होती.

तो कानांच्या दवाखान्यात कामाला होता. ऐकू कमी येणाऱ्यांना आवाजबंद खोलीत बसवायचं, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेपलीकडून सांगायचं, "आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी." दिवसभर हेच. संध्याकाळी मात्र घरी येऊन संगणक उघडला की तो वेगळाच माणूस व्हायचा. तिथे त्याला सगळे 'कात्री' म्हणत.

त्याचं असं झालं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची, धुक्यात वाट चुकलेल्या एका जहाजाची. ती मध्येच बंद पडली. जहाज किनाऱ्याला लागलं की बुडलं, ते कुणालाच कळलं नाही, आणि लोक विसरूनही गेले. ज्यांना विसरता आलं नाही असे चार जण एका ऑनलाइन गटात एकमेकांना सापडले. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण रोज गप्पा झाल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. एक लेखकराव, बँकेतला कारकून. मालिकेचा राहून गेलेला शेवट त्याने लिहून काढला होता. एक शेंडेफळ, कॉलेजात जाणारी पोरगी, जहाजाची सुरेख चित्रं काढायची. एक मावशी. त्यांनी जन्मभर बालवाडीत गोष्टी सांगितल्या होत्या आणि आता निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. आणि चौथा हा. शेवटचा भाग आवाजांत करायचा, ज्याने त्याने आपल्या घरी बोलून पाठवायचं आणि याने ते कापून, सांधून, लाटा नि भोंगे घालून एक करायचं, असं ठरलं.

मावशींच्या वाट्याला दिवेवाली आली होती. जहाजावरची ही म्हातारी रोज संध्याकाळी दिवा लावते आणि धुक्यात हाक मारते, "कोण आहे तिकडे?" बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मावशी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलायच्या. "डांबरगोळ्यांच्या वासाने मेले तर तुमच्या जहाजावर केस करीन," असं लिहायच्या आणि पुढे हसरा चेहरा टाकायच्या.

पण त्यांना दम लागायचा. दोन शब्दांत श्वास, तीन शब्दांत खोकला. पाठवलेली वाक्यं जुळवता जुळवता याचे डोळे दुखायला लागायचे. शेवटी एकदा शेंडेफळाने सहज म्हणून नव्या माईकवर दिवेवालीचे संवाद बोलून पाठवले, आणि ते काचेसारखे स्वच्छ होते.

"हेच घेऊ," लेखकरावाने याला वेगळं लिहून कळवलं. "मावशींना तूच सांग. तुझं ऐकतात त्या."

"सांगतो."

कडू गोळी कशी द्यायची, एवढाच प्रश्न होता. त्याने निरोप लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. उद्या सांगू, परवा सांगू. तोवर मावशींकडून नवे संवाद येतच राहिले आणि तो प्रत्येकाखाली 'छान' असं लिहीत राहिला. ऐकणंसुद्धा त्याने सोडलं होतं. एके दिवशी जागा अडते म्हणून मावशींचं सगळं बोलणं त्याने एका फटक्यात पुसलं. त्याच संध्याकाळी मावशींनी विचारलं होतं, "माझा 'फ' फार फुटतो रे. काही उपाय?" म्हणून हा स्पंज.

पाकीट पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, गटाने शेवटचा भाग सगळ्यांसाठी खुला केला, आणि ऐकणाऱ्यांचे अभिप्राय यायला लागले. कुणीतरी लिहिलं, 'दिवेवालीने रडवलं.' दुसऱ्याने लिहिलं, 'तो खोकला. किती खरा.'

त्याला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. खोकला कुठून आला?

दुपारी शेंडेफळाचा निरोप आला. "माझा आवाज काढून मावशींचाच लावायचा होता तर आधी सांगायचं ना, कात्रीदादा. मला वाईट नसतं वाटलं. पण सांगायचं."

"तुझाच आहे," त्याने लिहिलं. "नीट ऐक."

"ऐकलंय. आईनेही ऐकलंय."

लेखकरावाने वेगळंच कळवलं, "ऐन वेळी बदललंस, पण बरं केलंस. माझंच चुकलं होतं. मावशींना तोड नाही."

त्याने भाग पुन्हा लावला. लाटा आल्या, भोंगा आला. मग शेंडेफळाचा स्वच्छ, तरुण आवाज, "कोण आहे तिकडे?" ना खोकला, ना धाप. पलीकडे बायको कपड्यांना इस्त्री करत होती; मावशींचे संवाद तिने पूर्वी ऐकलेले होते. तिने इस्त्री उभी केली.

"किती दमल्यात रे मावशी," ती म्हणाली. "तरी गोड वाटतं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुला... मावशी ऐकू येतात?"

"म्हणजे? त्याच बोलतायत ना?"

त्याने मावशींना लिहिलं, 'ऐकलंत का?' उत्तर आलं नाही. सोमवारी आलं नाही, मंगळवारीही आलं नाही. गटात रोज सगळ्यांच्या आधी बोलणारी बाई गप्प होती.

बुधवारी दवाखान्यात रोगी कमी होते. काउंटरवर बसणाऱ्या ताईंना त्याने विनंती केली, "ताई, जरा माझेच कान तपासता?" ताईंना यंत्र चालवता यायचं. मालिका, गट, मावशी, यातलं काही त्यांच्या गावीही नव्हतं.

तो आवाजबंद खोलीत जाऊन बसला. जाड दार लागलं. त्या खोलीतली शांतता बाहेरच्यांना सांगून पटत नाही. तिथे आपला श्वास दुसऱ्या कुणाचा वाटतो आणि थोड्या वेळाने रक्त वाहिलेलं ऐकू येतं. बारीक शिट्ट्या वाजत गेल्या, तो बटण दाबत गेला. काचेपलीकडून ताई माईकवर म्हणाल्या, "तुमचे कान लहान मुलासारखे आहेत हो."

"आता मी दिलेला तो भाग लावा," तो म्हणाला. "तुम्हीही ऐका."

लाटा सुरू झाल्या. त्याने डोळे मिटले. कान असे टवकारले की डोकं दुखायला लागलं. भोंगा. आणि शेंडेफळ. तोच तरुण आवाज. त्याने डोळे उघडले तेव्हा ताई पुढे वाकून ऐकत होत्या, बोटं ओठांवर ठेवून.

तेवढ्यात वास आला. आधी पुसट, मग चांगला दाट. चारी भिंतींना फोम लावलेल्या, खिडकी नसलेल्या त्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास. अगदी जवळून. कुणीतरी कपाट उघडून त्याच्या मानेमागे उभं असावं तसा.

त्याने हेडफोन काढून ठेवले आणि तो बाहेर आला. 

"ताई... कोण बोलत होतं?"

"कुणी वयस्क बाई होत्या. आजारी आहेत का? दोन शब्दांत थांबत होत्या."

"तरुण मुलगी नव्हती?"

"मुलगी?" ताईंनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "नाही हो. एकच बाई होत्या. मधे एकदा हसल्यासुद्धा."

रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. स्पंजापर्यंत सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भूत असो नसो, तू जाऊन ये. तोंडावर सांग. हे असलं लिहून सांगायचं नसतं."

शनिवारी तो बसने गेला. पोचेपर्यंत उन्हं कलली होती. तिसरा मजला, दारावर पितळी कडी. दार एका तिशीतल्या बाईने उघडलं. त्याने मी मावशींच्या गटातला, जहाजवाला, असं काहीतरी अडखळत सांगितलं.

"तुम्ही कात्री," ती म्हणाली. "या. मी लेक त्यांची." आणि तो आत येऊन बसल्यावर म्हणाली, "आई गेली. गेल्या रविवारी दुपारी."

 खोली लहान होती. खिडकीजवळ पलंग, त्यावर घडी घातलेलं पांघरूण. कोपऱ्यात कपड्यांचं कपाट उघडंच होतं आणि त्याच्या तळाशी, अंथरलेल्या गोधडीवर, माईक उभा होता. त्याच्या डोक्यावर नवा कोरा स्पंज.

"तुमचं पाकीट सोमवारी आलं," लेक म्हणाली. "तिचं राहून गेलं, म्हणून मी घातला. फुप्फुसांचा आजार होता तिला. तुम्हाला कुणाला सांगू द्यायची नाही. म्हणायची, कळलं तर कीव म्हणून घेतील, आणि मला कीव नको, काम पाहिजे."

"त्यांनी... शेवटचा भाग..."

"ऐकला ना. रविवारी सकाळी, हॉस्पिटलात. उशीवर फोन ठेवला होता मी. शेवटपर्यंत ऐकला. मग माझा हात धरून म्हणाली, 'बघ, कात्रीने माझा खोकलासुद्धा ठेवला.' फार बरं वाटलं तिला."

आता सांगायला हवं होतं. त्यासाठीच तो अर्धा दिवस बसमध्ये बसून आला होता.

"मला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "मावशींचा आवाज मी..."

"माहीत आहे मला," लेकीने डोळे पुसले. "किती मेहनतीने लावलात. ती म्हणायचीच, दुसरा असता तर केव्हाच काढून टाकला असता मला."

 या बाईकडे आता आईचं एवढंच उरलं होतं. त्याने मान डोलावली. मावशींच्या प्रत्येक बोलण्याखाली 'छान' लिहिताना मनातून कसं वाटायचं, अगदी तसंच त्याला आता वाटलं.

"मी रोज ऐकते," ती म्हणाली आणि तिने फोनवर तो भाग सुरू केला.

लाटा आल्या. भोंगा आला. तो वाट बघत राहिला. शेंडेफळ येईल, निदान ती तरी. पण या वेळी तीही आली नाही. जिथे दिवेवालीने बोलायचं तिथे नुसती पोकळी होती, आवाजबंद खोलीतल्यासारखी. आणि समोर ती लेक ऐकत होती, मधेच हसत होती, आईच्या खोकल्यावर स्वतःच्या छातीवर हात ठेवत होती. मावशी त्या खोलीत बोलत होत्या. सगळ्या जगाशी बोलत होत्या. फक्त त्याच्याशी नाही.

एकदा, फक्त एकदा ती धाप ऐकू यावी, एवढंच त्याला हवं होतं. पुसायच्या आधी ती सगळी त्याच्याजवळच तर होती.

भाग संपला.  मग तो निघायला उठला, चपला घातल्या. लेक जिन्यापर्यंत आली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "अगदी शेवटी आहे ते वाक्य तुमचंच ना?"

"कुठलं?"

"ती विचारते, 'कोण आहे तिकडे?' मग तुम्ही म्हणता, 'मी आहे, मावशी.'"

"मी त्यात कुठेच बोललेलो नाही," तो म्हणाला. "मी नुसता जोडणारा."

कुणी उगाच विनय दाखवला की हसावं तशी ती हसली. "असं कसं? मघाशी दारात तुम्ही तोंड उघडलंत तेव्हाच मी आवाज ओळखला."

जिन्यात अंधारून आलं होतं. त्याने कठडा धरला.

"फक्त एक कळत नाही मला," ती हळू आवाजात म्हणाली. "रविवारी आईबरोबर ऐकलं तेव्हा तुम्ही फार लांबून बोलत होतात... धुक्याच्या पलीकडून. मग रोज थोडे जवळ येत गेलात. काल दिव्यापाशी होतात. आणि आत्ता..." ती थांबली. "आत्ता तुम्ही आईच्या अगदी कानाशी बोललात. आणि ती म्हणाली, 'ये.'"