दिघोरीच्या बाटलीचं झाकण

कुंताबाई त्या झाकणांना पार वैतागली होती.

आलेली बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे ना बघायचं, रबराचं बूच बसवायचं, वर ॲल्युमिनियमचं झाकण ठेवून क्रिम्परने त्याची कड आवळायची आणि मग बोटांनी फिरवून बघायचं. फिरलं तर काम वाया. तिने लावलेलं झाकण कधी फिरत नसे. भंडाऱ्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती हंगामी होती आणि यंदा कायम होण्याची आस लावून बसली होती.

तरी दिघोरीच्या विहिरीची बाटली दर वेळी सकाळी अर्धी रिकामी. बाहेर टिपूस नाही, फळी कोरडी. बाकीच्या गावांच्या बाटल्या मात्र गुमान भरलेल्या.

"झाकण ढिलं आहे, बाई," परसराम साहेब म्हणाले. "पुन्हा असं झालं तर तुमच्या जागी दुसरं माणूस बघावं लागेल."

"तुमीच फिरवून पाहा ना, साहेब!"

साहेबांनी जोर लावला. झाकण हललं नाही. "नवीन नमुना आणा," म्हणत ते निघून गेले. चूक सापडत नाही आणि दोष मात्र माझाच, या विचाराने तिचं डोकं तापलं.

नमुने आणायचा कवडू. तिने त्यालाच धरलं. "कवडूभाऊ, तू पानी भरतं तरी कसं?"

"सगळीकडं भरतो तसंच. भरतो, येतो जी म्हनतो, बस पकडतो."

शेवटी क्रिम्पर पिशवीत घालून ती स्वतःच दिघोरीला गेली. विहीर धानाच्या बांध्यांपलीकडे होती. भर दुपारी तिथे गारठा होता. बादली पाण्यावर आपटली, तरी आवाज जरा उशिरानेच वर आला. काठावर केशरबाई नावाची म्हातारी भांडी घासत होती.

"जाताना 'येतो' नोको म्हनू," ती म्हणाली. "'जातो' म्हन."

"असं अभद्र काहून म्हनू?"

"विहीर आयकते. तुमचा कवडू दरखेपी म्हनते."

"मंग त्याले काहून काही होत नाही?"

"त्याच्या हातात बाटली रायते. त्याच्या बदली थे पानी वापस येते."

कुंताबाईने कपाळाला हात लावला. आता साहेबांना हे सांगायचं? तिने तिथेच बाटली भरली, झाकण आवळलं, फिरवून पाहिलं. पक्कं. बाटली पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली, मोकळ्या हातांनी पदर खोचला आणि जन्माच्या सवयीने म्हणाली, "बरं, येतो जी."

केशरबाईचा हात भांड्यावरच थांबला.

दुसऱ्या सकाळी बाटली काठोकाठ होती. साहेब पहिल्यांदाच हसले. "तुमचं नाव कायमसाठी पाठवतो," म्हणाले. कुंताबाईला हायसं वाटलं.

संध्याकाळी ती घरी जायला बसमध्ये बसली. कंडक्टर रोजच्या ओळखीचा.

"लाखनीच ना, बाई?"

"दिघोरी."

कंडक्टरने चमकून पाहिलं. कुंताबाईही चमकली. हे काय नवीनच? स्वतःवरच चिडून तिने ओठ घट्ट मिटले.

मिटल्या ओठांआडून तिचाच आवाज पुन्हा आला.

"दिघोरी."