उखाआबाची मूठ

श्रावणातला कानबाईचा रविवार दोन दिवसांवर आला आणि सुरतेतल्या लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत दरवर्षीचं भांडण यंदा जरा लवकरच पेटलं.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढून घरच्या जात्यावर दळायचे, अशी खानदेशातली रीत. सुरतेत जातं कुठून आणणार, म्हणून मंगलाबाई चक्कीवरून आणलेल्या पिठाच्याच मुठी काढत. घरात पुरुष पाच. मंगलाबाई काढत सहा. सहावी उखाची, त्यांच्या मोठ्या दिराची. तो इथंच सुरतेत कॉलेजात होता, आणि एक दिवस घरी आलाच नाही.

यंदा त्यांचा मुलगा वाल्मिक हटून बसला. मेलेल्याची मूठ काढली तर मेलेला मोजणीत राहतो आणि एखादा जिवंत गळतो, असं जुनी माणसं सांगत. त्याचा मुलगा सागर आषाढातच पलसाण्याच्या मिलमध्ये वाफेचा पाइप फुटला तेव्हा थोडक्यात वाचला होता. उखाआबा जिवंत की मेलेला, ते आधी कळू दे, मग मूठ.

मंगलाबाईंना विचारून काही फायदा नव्हता, त्या नुसत्या गोष्टीच सांगत. उखा म्हणे पुस्तक डोक्याला बांधून भर पुरात तापी पोहून परीक्षेला गेला. नाटकात राजा झाला तेव्हा मिशी सुटून राणीच्या ताटात पडली, तर पठ्ठ्या म्हणाला, वाढा अजून. हे ऐकून वाल्मिकच्या मुलीचं, योगिताचं, डोकं उठायचं. कॉलेजची रजिस्टरं कधीच पुरात गेली होती. म्हणून शनिवारी ती बस पकडून लायब्ररीत गेली आणि जुन्या गुजराती पेपरांच्या फायली काढून बसली. म्हातारीला एकदा तरी खोटं पाडायचंच होतं.

बहात्तरच्या फायलीत, गॅदरिंगच्या बातमीत, मिशी होती. राणीच्या ताटासकट.

योगितानं फाइल आपटली. लायब्ररीवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं. पुढच्या फायलीत तापी निघाली, डोक्यावर पुस्तक बांधलेला विद्यार्थी निघाला. आजी खरं बोलत होती, याचाच तिला जास्त संताप आला.

मग त्र्याहत्तरचा श्रावण. आतल्या पानावर चारच ओळी. तापीकाठी विद्यार्थ्याचं प्रेत. उजव्या हाताला करंगळी नव्हती, त्यावरून बापानं ओळखलं. नाव उखा.

बापानं ओळखलं, आणि घरी कुणाला सांगितलंच नाही.

संध्याकाळी वाल्मिकनं हे ऐकलं आणि सहावी मूठ बंद करून टाकली. योगिता मात्र बसमध्ये बोटांवर वर्षं मोजत आली होती.

"आजी, तू या घरात शहात्तरला आलीस. तो तर त्र्याहत्तरलाच गेला. मग मिशीचं तुला कुणी सांगितलं?"

"कसाले इतली चिडस वं?" मंगलाबाई लसूण सोलत म्हणाल्या. "तोच सांगस. रोट खाता खाता."

"आणि करंगळीचं? ते नाही सांगितलं?"

मंगलाबाईंचा हात थांबला. "करंगळीचं काय?"

हसल्या नाहीत. योगितानं त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी सकाळी तिनं आजीला खाटेवर बसवलं, पदर धरून, लहान पोरीला बसवावं तशी. काही चावटपणा नको. पिठाच्या डब्यातून स्वतः मुठी काढल्या, मोठ्यानं नावं घेत. वाल्मिक. प्रशांतकाका. काकांचे दोघं. सागर. पाच. झाकण दाबून बसवलं आणि डाळ उतरवायला वळली.

सागर मोरीत आंघोळीला गेला होता. पाण्याचा आवाज येत होता.

तिनं लाटायला पीठ घ्यायचं म्हणून झाकण उघडलं.

पिठात सहा खळगे होते.

आजी खाटेवरच होती, दोन्ही हात मांडीवर. दहा बोटं.

सहावा खळगा मोठा होता, कडेनं ओलसर. आत बोटांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. अंगठा. आणि तीनच बोटं.

बाहेरून वाल्मिकनं पूजेसाठी सागरला हाक मारली. थोड्या वेळानं परत मारली.

मोरीतलं पाणी चालूच होतं.