पाटीवरचा दुसरा थेंब

सदर बाजारात शालिकराम पेंटर शिडीवर उभा राहून पाटी रंगवत होता, तेव्हा खालून आवाज आला, "अहो पेंटर, तो दुसरा थेंब काहून काढला?"

त्याने खाली पाहिलं. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, उन्हासाठी कपाळावर आडवा धरलेला हात... आणि त्या हाताच्या सावलीत दाबून ठेवलेलं हसू. मार्चचं ऊन होतं. शेजारच्या गाडीवर कुणीतरी संत्रं सोलत होतं आणि त्याचा वास रंगाच्या वासात मिसळला होता.

पाटी वसंत शिंप्याच्या दुकानाची होती, इंग्रजीतली. वसंतने कागदावर लिहून दिलेल्या नावात शेवटच्या अक्षराआधी, वरच्या अंगाला, एक थेंब होता. शालिकरामने तो उतरवला, आणि मग पाटीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच उंचीवर, त्याचा जोडीदार काढून दिला. तो तांडापेठेतल्या कोष्ट्याचा मुलगा. बाप होता तोवर घरात माग चालत होता.

"लुगड्याले दोन्हीकडून काठ असतो बाई," तो वरूनच म्हणाला. "एकाच बाजूले थेंब ठेवला, तर पाटी लंगडी दिसते."

ती हसली नाही. उलट विचारात पडल्यासारखी क्षणभर पाटीकडे बघत राहिली. मग तिने समजावून सांगितलं. त्या थेंबाला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. वस्तू कुणाची आहे ते सांगायचं असलं की तो येतो, नाहीतर बोलताना एखादं अक्षर गळून गेलं की त्याच्या जागी येतो. शोभेसाठी कधीच येत नाही.

शालिकरामने चिंधी घासलेटात बुडवली आणि दुसरा थेंब पुसून टाकला. पाटी लंगडी दिसू लागली, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

ती प्रेमिला. इंदोऱ्याच्या वस्तीत राहायची, शाळेत शिकवायची, आणि मॅट्रिकला बसणाऱ्या मुलींसाठी घरी इंग्रजीचा क्लास काढणार होती. त्या क्लासची पाटी तिने शालिकरामलाच सांगितली. तो माप घ्यायला गेला, खालचा अस्तराचा रंग द्यायला गेला, अक्षरं काढायला गेला. पाटी भिंतीवर लागल्यावरही, तांबडा रंग उन्हात उडतो असं सांगून पुन्हा पुन्हा गेला. प्रेमिला चहा आणायची आणि रंग उडालेला नसला तरी त्याच्यासोबत पाटी निरखत उभी राहायची.

"तुमच्या नावाले थेंब दिला, म्हणून क्लास तुमचा झाला," तो एकदा म्हणाला. "पण तुम्ही कोणाच्या?"

"माझी मीच," ती म्हणाली. मग कपातल्या चहाकडे बघत हळूच — "सध्या तरी."

त्या दोन शब्दांवर शालिकरामने कितीतरी दिवस काढले.

पण त्याला एक भीती होती. त्याला इंग्रजीच काय, मराठीही वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर जे लिहून देई, ते तो दोऱ्याने मोजून चित्रासारखं उतरवायचा. भरभर वाचता ना, असं प्रेमिलाने सहज विचारलं होतं आणि तो हो म्हणून बसला होता. तिचे वडील देवराव गिरणीत कामाला होते. पोरीसाठी शिकलेलाच मुलगा पाहायचा, हा त्यांचा हट्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होता. शालिकरामच्या आईने, बायजाबाईने, आधी जातीवरून आदळआपट केली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मग पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, की जायचं तर जा, पण त्या लोकांना फसवून पोरगी आणू नको.

त्या संध्याकाळी तो खरं सांगायचं ठरवूनच गेला. आषाढी पौर्णिमा होऊन गेली होती, बौद्धांचा वर्षावास लागला होता. देवरावांच्या ओसरीवर शेजारपाजार जमला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मध्ये पाटावर ग्रंथ. पावसाळाभर रोज तिथे वाचन चाले, आणि जो कुणी घरी येई त्याने एक पान वाचायचं, पाहुणा असो की शेजारी, अशी त्या घरची रीत होती.

देवरावांनी त्याला बसवलं आणि ग्रंथ त्याच्यापुढे सरकवला.

शालिकरामने पानाकडे पाहिलं. अक्षरं सुबक होती. कुठलं किती रुंद, कुठल्याची वेलांटी किती वळलेली, सगळं त्याला दिसत होतं. चष्मा विसरलो म्हणता आलं असतं. उद्या वाचतो म्हणता आलं असतं. त्याने बायांच्या बाजूला बघितलं. प्रेमिला त्याच्याकडेच पाहत होती, कौतुकाने.

"मले वाचता येत नाही," तो म्हणाला. "तुमच्या पोरीले मी खोटं सांगितलं होतं."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. प्रेमिलाचं कौतुक विझलं, तिने मान खाली घातली, आणि शालिकरामला वाटलं, संपलं...

देवरावांनी ग्रंथ होता तिथेच राहू दिला. मग म्हणाले, "मले तरी कुठं येत होतं? बाबासाहेबांनी धम्म दिला, त्याच्या पुढच्या वर्षी याच ओसरीवर शिकलो. ज्याले येते तो शब्द सांगते. ज्याले येत नाही तो बोट ठेवून मागं म्हणते." त्यांनी बसलेल्यांवरून नजर फिरवली. "कोण बसते याच्याजवळ?"

एक म्हातारे नत्थूजी उठायला लागले. पण त्यांच्याआधी प्रेमिला उठली. बायांची बाजू सोडून, सगळ्यांच्या देखत ओसरी ओलांडून ती आली आणि शालिकरामशेजारी बसली. याचा अर्थ काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. नत्थूजी पुन्हा खाली बसले.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. राग अजून चेहऱ्यावर होता. पण त्याचं बोट धरून तिने पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि तो शब्द उच्चारला. त्याने मागून म्हटला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. तिच्या आवाजातला कठोरपणा ओळीगणिक उतरत गेला.

"बोट थरथरून राहिलं," तो पुटपुटला.

"थरथरू द्या," ती तितक्याच हळू म्हणाली. "पण उचलू नका."

शालिकराम थांबला. ग्रंथ सोडून तो तिच्याकडे बघत राहिला. ओसरीवर सगळे त्या दोघांकडे बघत होते.

"वाच गा," देवराव म्हणाले. "आम्ही ऐकून राहिलो."